बत्तीसचा खटका

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पप्पा सगळ्यांना सांगतात, पोरगी लाइटीचं शिकते. त्यामुळे सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा पंखा बंद पडला, कुणाची इस्त्री तापेना झाली की मला बोलावणं येतं. मी जाते, बघते आणि बहुतेक वेळा मनातून घाबरूनच परत येते. कॉलेजात आम्ही आकृत्या काढतो. आकृतीत धूळ नसते, गंजलेले स्क्रू नसतात, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून वाट बघणारं माणूसही नसतं. पण ‘मला येत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. पप्पांनी माझ्याबद्दल इतकं सांगून ठेवलेलं असतं, की ते खोटे पडतील असं वाटतं.

हे सगळं आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ यातच आहे.

पप्पा एक गाडी सांभाळायचे. मूळची ती शाळेची बस. शेठनी कळंबोलीतल्या एका बॉडीवाल्याकडून तिच्यातली बाकं काढून घेतली होती आणि दोन पलंग, छोटा ओटा, फ्रीज, बाथरूम बसवलं होतं, छतावर एसीही. अलिबाग, काशीदकडे दोन दिवस जाणारी कुटुंबं ती भाड्याने न्यायची. शेठ तिला कॅराव्हॅन म्हणायचे, पप्पा घरगाडी. शेठ इथलेच, पनवेलजवळच्या गावातले, पप्पांपेक्षा वयाने बरेच लहान. ते पप्पांना मामा म्हणायचे.

त्याआधी वीस वर्षं पप्पांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रेलर चालवले. मग मणका सरकला. डॉक्टरांनी जड गाडी बंद करा म्हणून सांगितलं. सहा महिने ते घरात भिंतीला पाठ लावून बसून होते, टीव्हीसुद्धा लावत नव्हते. त्यानंतर ही घरगाडी मिळाली. हलकं स्टिअरिंग, समुद्रकिनारी मुक्काम. पाहुणे पाण्यात खेळत असले की पप्पा गाडीच्या सावलीत चटई टाकून पाठ टेकायचे. चादरीसुद्धा स्वतः घडी घालून ठेवायचे. मला म्हणायचे, या वयात देवाने मला खुर्चीवरचं काम दिलं.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी काशीदला एक कुटुंब तान्ह्या बाळाला घेऊन उतरलं होतं. भर दुपारी एसीची लाइट गेली. विजेच्या पेटीतला खटका पडला होता. खटका म्हणजे एमसीबी. वायरमधून झेपेल त्याहून जास्त वीज जायला लागली की तो आपोआप खाली पडतो आणि लाइन बंद करतो. पप्पा त्याला खटकाच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. पप्पांनी तो वर उचलला, तो ताडकन खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा जळका वास आला. ते कुटुंब सामान उचलून हॉटेलात गेलं आणि तिथून त्यांनी शेठना फोन केला.

शेठ रागावले नाहीत. पप्पांना एवढंच म्हणाले, “मामा, परत एकदा पाव्हण्यांची लाइट गेली ना, तर मला दुसरा माणूस बगावा लागंल. राग मानू नका.” पुढच्या शुक्रवारचं बुकिंग होतं. त्याआधी कुणाकडूनही दुरुस्त करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. पप्पा तिथेच बोलून मोकळे झाले, की कुणाकडे कशाला, माझी पोरगीच करेल.

घरी आल्यावर त्यांनी मला हे जेवताना सांगितलं, फार मोठी गोष्ट नसल्यासारखं. पण भाकरी अर्धीच खाल्ली. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही कळंबोलीला गेलो. गाडी ट्रक टर्मिनलच्या मागे एका मोकळ्या प्लॉटवर उभी असायची. वॉचमनच्या खोलीतून एक जाड केबल काढून गाडीला वीज दिलेली होती. मी वर्गातल्या मैत्रिणीकडून मल्टिमीटर मागून आणला होता. टेस्टर आणि पकड पप्पांची. रात्रभर मी यूट्यूबवर बघत होते, पण ते पप्पांना सांगितलं नव्हतं.

पहिलं काम म्हणजे बाहेरचा प्लग काढणं. पप्पांनी तो काढून माझ्या हातात आणून दिला, जणू पुरावा म्हणून. “आता कर बिनधास्त,” म्हणाले. मी पेटीचं झाकण उघडलं आणि हात घालणार होते. आमच्या लॅबमध्ये एक असिस्टंट आहेत, त्यांच्या एका हाताची दोन बोटं वाकडी आहेत. प्लग काढलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असला तरी आधी टेस्टर, मग हात, असं ते प्रत्येक बॅचला सांगतात आणि मुलं हसतात. मी टेस्टर लावला. तो पेटला.

पप्पा प्लगकडे बघत राहिले. मग मला आठवलं, की पलंगाखाली बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. बाहेरची वीज गेली की तो आतून वीज देतो. म्हणजे प्लग काढल्यावरच पेटी त्याच्या विजेवर जिवंत झाली होती. काशीदला जळका वास आल्यावर पप्पांनी प्लग काढून याच पेटीत हात घातला होता. ते आता त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो हात पँटला पुसला. मी इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीची वायर सोडवली, आणि प्रत्येक स्क्रूला पुन्हा टेस्टर लावून पाहिला. कुठेच पेटला नाही. तेव्हा कुठे हात घातला.

पेटीत चार खटके होते. तीन एकाच कंपनीचे, पांढरे, कडेला पिवळसर पडलेले. एसीच्या लाइनचा चौथा वेगळा होता, नवा, किंचित करडा. त्याच्यावर बत्तीसचा आकडा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला बॉडीवाल्याने पेनाने लिहिलं होतं, ‘एसी १६’.

सोळाचा म्हणजे सोळा अँपिअरपर्यंत वीज जाऊ देणारा. बत्तीसचा त्याच्या दुप्पट जाऊ देतो. पण खटका बदलला म्हणून मागची वायर जाड होत नाही. ती सोळापुरतीच, दीड एमएमची होती. खटका हा वायरचा राखणदार असतो. इथे राखणदाराला सांगून ठेवलं होतं, की चोर आला तरी उठू नकोस.

मी विचारलं, “पप्पा, हा कुणी लावला?”

“मी.”

“कधी?”

ते स्टिअरिंगच्या बाजूला बघत होते. “दिवाळीच्या आधी. शेठनी गीझर बसवला ना, तेव्हापास्नं सारखा पडायचा. एसी चालू असला आणि कुणी अंघोळीला गेलं की दहा मिनिटांत खट.” मग म्हणाले, “तुला विचारूनच लावला होता.”

मला आठवेना. आणि मग आठवलं.

परीक्षेचे दिवस होते. मी पलंगावर वह्या पसरून बसले होते. पप्पा दारात उभे राहिले. लोड वाढला की खटका पडतो, तर मोठा लावला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. कुठला खटका, कुठली वायर, कसला लोड, मी काहीच विचारलं नाही. मान वर केली नाही. मला त्याचं पक्कं उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायचं नव्हतं. मी पुस्तकातल्यासारखं म्हटलं, “लोड जास्त असेल तर रेटिंग जास्त लागतं.” वाक्य चुकीचं नाही. नवीन वायरिंग करताना ते बरोबरच असतं. पप्पा ‘बरं’ म्हणाले आणि दार हळू ओढून घेऊन गेले, मला त्रास नको म्हणून.

ट्रेलर लाइनीत रस्त्यात फ्यूज उडाला, की सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद त्याला गुंडाळून गाडी घरी आणायची, हे सगळे ड्रायव्हर करतात. पप्पाही करत आले. तरी घरगाडीच्या वेळी त्यांनी तसं केलं नव्हतं. ते विचारायला आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरात विचारायला कुणीतरी शिकलेलं होतं. नंतर ते आनंदाने सांगायचे, आता पडत नाही. शेठनीही त्यांना शाबासकी दिली होती.

मी एसीच्या लाइनची वायर खटक्यातून सोडवली, एसीचा प्लग काढला, गीझर बंद केला आणि मल्टिमीटर लावला. काहीच जोडलेलं नसताना दोन वायरींच्या मध्ये वाट मिळायला नको. मीटर वाट दाखवत होता. म्हणजे खटका बिघडलेला नव्हता. आत कुठेतरी दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या आणि खटका इतक्या महिन्यांनी का होईना, आपलं काम करत होता.

बाथरूमच्या बाहेरचं प्लायवूड पप्पांनी उघडलं. आत थंडावा राहावा म्हणून बॉडीवाल्याने थर्माकोल भरला होता. वायर जिथून गेली होती तिथे तो वितळून मागे सरला होता, बोटभर रुंदीची पोकळी झाली होती. वायरचं लाल प्लास्टिक चॉकलेटी पडून वाकलं होतं. एके ठिकाणी तांबं उघडं दिसत होतं. शेजारचं लाकूड काळं झालं होतं. त्या लाकडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, मोठा पलंग होता.

पप्पांनी त्या काळ्या जागेवर अंगठा फिरवला. नाकाशी नेला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले.

गीझरला एसीच्याच लाइनमधून वीज घेतलेली होती. ती चूक गीझर बसवणाऱ्याची. पण सोळाचा खटका ती चूक दर वेळी दाखवत होता, आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचं तोंड बंद केलं होतं.

मी चालत जाऊन रिक्षा पकडली आणि पनवेलच्या जुन्या बाजारातून नवा खटका आणला. दुकानदाराला सोळाचा मागितला. तो कशाला हवा, काय चालवायचंय, असं त्याने विचारलं आणि एसी म्हटल्यावर हसला. “ताई, बत्तीस घेऊन जा. सोळा सारखा पडेल आणि तुम्ही परत माझ्याशी भांडायला याल.” मी सोळाच द्या म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण त्याने लगेच तो कागदात गुंडाळून दिला.

जुना काढून नवा बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. खाचेत अडकवायचा, वायर आत सरकवायची, स्क्रू घट्ट करायचा, वायर ओढून बघायची. एवढंच. या पाच मिनिटांसाठी मी इतके दिवस घाबरत होते. एसीची जळकी वायर मात्र मी त्याला जोडली नाही. तिच्या टोकांना टेप गुंडाळून ती बाजूला ठेवली. मग बॅटरी जोडली, प्लग लावला आणि एकेक खटका वर केला. दिवे लागले, फ्रीज गुणगुणायला लागला. पप्पा आत आले. त्यांनी वर एसीकडे पाहिलं.

मी सांगितलं, की ही वायर छतातून गेली आहे. सगळं छत उघडून नवीन टाकावी लागेल, गीझरला वेगळी लाइन लागेल. बॉडीवाल्याकडे आठ-दहा दिवस जातील.

“शुक्रवारी गाडी जायचीय,” ते म्हणाले.

“हो.”

“गीझर तोडला, नुसता एसी लावला, तर?”

हे विचारताना ते माझ्याकडे बघत होते. दिवाळीच्या आधी दारात उभे राहून विचारलं होतं, अगदी तसंच. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी ते खरं मानलं असतं. मी म्हटलं, वायर जळलेली आहे पप्पा, आता तिच्यावर काहीच नको. त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. मला वाटतं, त्यांना ते माहीत होतं.

दुपारी शेठ बुलेटवरून आले. येताना आमच्यासाठी थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन आले होते. “काय इंजिनियर बाई, झालं का आमचं काम?” असं हसत विचारून ते आत शिरले आणि उघड्या प्लायसमोर थांबले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग मी काढून ठेवलेला खटका त्यांनी ओट्यावरून उचलला.

“ह्यो बत्तीसचा कोणी लावला?”

मी तोंड उघडलं होतं. हे मी आज शपथेवर सांगू शकते. पण आवाज यायच्या आत पप्पा बोलले.

“मी लावला. माझ्या मनाने.”

“कोणाला इचारलं नाय?”

“नाही.”

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सरळ उभे होते, मणका सरकल्यापासून मी त्यांना इतकं सरळ उभं पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी एक क्षण शिल्लक होता. नाही शेठ, त्यांनी मला विचारलं होतं, मी सांगितलं होतं. तीन लहान वाक्यं. बुलेटचं इंजिन गार होताना टिकटिक करत होतं, ते ऐकू येत होतं. आणि मी बोलले नाही. पप्पा खोटे पडतील म्हणून बोलले नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. आता इतके दिवस झाल्यावर वाटतं, मी माझ्यासाठीच गप्प बसले.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “मामा, आत लहान पोर झोपलं होतं. चावी ठेवा.” पप्पांनी खिशातून चावी काढली, तिच्या रिंगमध्ये अडकवलेली घरच्या कपाटाची छोटी किल्ली सोडवून घेतली आणि चावी ओट्यावर ठेवली. निघताना शेठ माझ्याजवळ थांबले.

“तुजं काय नाय चुकलं गो. तू होतीस म्हणून सापडलं. तू शीक.”

घरी येताना रिक्षात पप्पा म्हणाले, की पलंगावरच्या चादरी धुवायच्या राहिल्या. नवा माणूस काय म्हणेल. त्या दिवसानंतर त्यांनी बत्तीसच्या खटक्याचा विषय काढलेला नाही, आईजवळही नाही. आईला अजून वाटतं, की शेठना नात्यातल्या कुणाला काम द्यायचं होतं.

महिन्याभरात पप्पा परत ट्रेलरवर गेले. कळंबोली ते उरण, जवळचेच फेरे. सकाळी ते कमरेचा पट्टा बांधतात तेव्हा दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून श्वास आत ओढतात, आणि पट्टा आई मागून आवळते. मी त्या वेळी आंघोळीला जाते. मुद्दाम जाते.

सोळाचा खटका बसवला त्याला दोन महिने झाले असतील. कॉलेजातून येताना सुकापूरच्या रस्त्यावर एका लग्नाच्या हॉलबाहेर मला घरगाडी दिसली. नवरीच्या तयारीसाठी आणली होती. हॉलमधून जाड केबल आली होती. छतावरचा एसी चालू होता, त्याच्या कडेने पाणी ठिबकून खाली डांबरावर ओला डाग पडला होता. दारातून साड्या नेसलेल्या बायका आत-बाहेर करत होत्या.

नवा ड्रायव्हर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून वडापाव खात होता. मी त्याला विचारलं, छत उघडून वायर बदलली का. त्याला ते माहीत नव्हतं. तो आला तेव्हा गाडी तयारच होती. मग पेटीतला खटका कितीचा आहे, ते तरी बघता येईल का, असं विचारलं. तो माझ्याकडे जरा संशयाने बघायला लागला. आत बायका कपडे बदलतात, आत्ता कसं बघणार, म्हणाला. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा मला घालवण्यासाठी म्हणाला,

“ताई, काही टेन्शन नाही. आता पडत नाही.”

मी गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, जिथे आत बाथरूम आहे, आणि पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा गरम होता. पण उन्हात उभी असलेली गाडी गरमच लागते. त्यावरून काही कळत नाही. मी पुन्हा त्याच्याकडे गेले आणि एसी आणि गीझर एकदम लावू नका, एवढं सांगितलं. त्याने हो हो म्हणून मान हलवली. शेठचा नंबर माझ्याकडे आहे. हॉलच्या फाटकाशी उभी राहून मी तो लावला, दोनदा. उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा लावला नाही. उचलला असता तर मला आधी दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं.

घरी पप्पा भिंतीला पाठ लावून बसले होते, पट्टा सोडून. मी घरगाडी दिसल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. धुतलेली होती का, त्यांनी विचारलं. मागच्या उजव्या टायरमध्ये हवा कमी वाटली का, पडदे तेच आहेत का. मी सांगत गेले. मग म्हणाले, “वायर टाकली असेल ना गं नवीन?”

मी म्हटलं, “माहीत नाही, पप्पा.”

त्यांनी मान हलवली. पलीकडे आई कुकर लावत होती.